लाल गाडी, जन्माची निळी

(इंग्लंडमधलं स्विंडन. स्ट्रॅटन भागातली दोन परसं, मध्ये लाकडी कुंपण. अलीकडे साताऱ्याच्या काकू, पलीकडे म्हापशाहून आलेली शेजारीण. दोघी कपडे वाळत घालताहेत.)

"काय गं, काल संध्याकाळी तुमच्या गॅरेजात गर्दी कसली? मला वाटलं सत्यनारायण घातलात नि आम्हाला विसरलात."

"कसला सत्यनारायण काकू, ह्यांच्या गाडीचं पोस्टमॉर्टेम चाललं होतं! ती लाल एमजीबी, 1964 ची. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलेलं, कारखान्यातून आलेलाच रंग आहे, वर कुणी हात फिरवलेला नाही."

"मग? चकाकते तर केवढी! परवा मी तिच्यात बघून टिकली नीट केली."

"त्या चकाकीनेच कोपऱ्यावरच्या आजोबांना शंका आली."

"प्रेस्ड स्टीलमधले? आता मिनीचे पत्रे होतात, त्या कारखान्यातले?"

"तेच. म्हणाले, हिची बॉडी आमच्या स्विंडनची. इथून कोरा पत्रा काउलीला जायचा, तिथे रंग आणि गाद्या, मग ॲबिंग्डनला इंजिन नि चाकं. लोकांना दिसेल तिथे काउलीवाले रंग गुळगुळीत मारायचे, दिसणार नाही तिथे उरकायचे. हिच्या तर डिकीच्या आतसुद्धा एक ओघळ नाही. इतकं मन लावून काम कारखान्यात कोण करतं?"

"बघा! नीटनेटकेपणाच अंगाशी आला."

"तर ह्यांना वाटलं, आपणही काही शोध लावावा. फ्रीजवरचं ते मंगेशीच्या देवळाचं मॅग्नेट काढलं, बॉनेटला लावलं. पडलं खाली! दुसरीकडे लावलं, तिथूनही घसरलं. चेहरा पांढराफटक. म्हणाले, अख्ख्या बॉनेटवर लांबी भरलीय, फसलो."

"अगं बाई!"

"आजोबा हसायलाच लागले. ह्या सुरुवातीच्या एमजीबींचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं हो, त्याला मॅग्नेट चिकटेल कसं? दारं, मडगार्डं मात्र लोखंडी पत्र्याची. मग त्यांनी खिशातून जाडी मोजायचं यंत्र काढलं. एवढंसं असतं, रंगावर टेकवलं की आकडा येतो. दोन्ही धातूंवर चालणारं घ्यायचं, नाहीतर बॉनेटवर गप्प बसतं. कारखान्याचा रंग साधारण शंभर ते दोनशे मायक्रॉन. आमच्या दारावर साडेतीनशे आला. आणि डावीकडच्या मागच्या मडगार्डवर आठशे!"

"म्हणजे लांबी तिथे होती."

"कधीतरी ठोकलेलं असणार. मग आजोबांनी कोपऱ्यात पॉलिश लावून पांढऱ्या फडक्याने घासलं. फडकं पांढरंच राहिलं. जुना एकेरी लाल रंग असता तर फडक्यावर उतरला असता. म्हणजे वरून क्लिअर कोट मारलाय, आणि 1964 साली ह्या गाड्यांच्या लाल रंगावर क्लिअर कोट कुठला आलाय!"

"पण कुणी तरी लालवर लालच मारला असेल की."

"काकू, तुम्ही काल तिथे हव्या होतात. ह्यांनीही तेच धरून ठेवलं. तेव्हा आजोबा म्हणाले, दाराचं आतलं अस्तर काढा. हँडल सोडलं, स्क्रू काढले, पातं घालून पुठ्ठा हलकेच उचकटला. आत टॉर्च मारला, आणि काय दिसावं? निळा!"

"निळा?"

"फिकट, राखट निळा. मध्येच पातळ, हाताला खरखरीत, खाली एक वाळलेला ओघळ. डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून पाहिलं, तिथेही निळा. लाल मारणाऱ्याने इंजिनाची जागा, दारांच्या कडा, डिकी सगळं रंगवलं, पण अस्तर काढायचा कंटाळा केला. आणि डिकीच्या रबराखाली नख फिरवलं तर कड लागते, चिकटपट्टी लावून रंग मारलेला. तिथे आजोबांनी बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून रुपयाएवढी जागा घासली. आधी लाल, मग करडा प्रायमर, मग निळा, त्याखाली पुन्हा प्रायमर, मग पत्रा."

"पाण्यात कशाला?"

"जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासलं की धूळ नाकात जाते. नंतर सगळ्यांना हात धुवायला लावले."

"बरं केलं. पण कागदपत्रं काही नव्हती?"

"गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे ना, ते कारखान्याच्या नोंदवहीवरून दाखला देतात. ह्यांनी मागवला होता, तो नेमका आज सकाळी आला. रंग, आयरिस ब्लू."

"म्हणजे गाडीची पत्रिकाच म्हण."

"हो, पण पत्रिका जन्मवेळेचंच सांगते. समजा दाखल्यात लाल असतं, तरी तो लाल अजून तोच आहे हे कोण सांगणार? त्यासाठी अस्तर काढावंच लागतं."

"एवढी दुर्मीळ असते का गं ही?"

"कुठली! 1962 ते 1980 मध्ये पाच लाखांवर झाल्या. म्हणूनच तर लोक रंगाला एवढे जपतात. गाड्या पुष्कळ आहेत, पण पहिल्या रंगात राहिलेल्या किती? एकदा घासून काढला की तो परत विकत मिळत नाही. जरा भेगाळला, विटला तरी चालेल म्हणतात, पण राहू दे."

"आणि आता?"

"ह्यांना परत निळी करायचीय. आजोबा म्हणाले, करा, पण दारातल्या निळ्याला हात लावू नका. ऊन न लागलेला तोच एक, रंगाऱ्याला शेड त्यावरूनच जुळवू दे."

"आणि खर्च?"

"विकणाऱ्याकडून काही पैसे परत मागायचे. फोन मी करणार. ह्यांनी केला तर उलट 'सॉरी' म्हणून ठेवून देतील."

"कर, कर. फक्त इथे बाहेर येऊन कर, आणि जरा मोठ्याने. मला हल्ली डाव्या कानाने कमी ऐकू येतं."