रेंजवाले तात्या

गावात जागेचा भाव सांगणारा वेगळा आणि त्या जागेवर रेंज किती येते हे सांगणारा वेगळा. हल्ली दुसऱ्याचा मान मोठा. आमच्या कवठे येमाईत तो तात्यांकडे आहे. पांढरी टोपी, वरच्या खिशात एक फोन, बाजूच्या खिशात दुसरा, दोन्हींत वेगवेगळ्या कंपनीचं कार्ड. चालता चालता थबकतात, एका पायावर भार देतात, मान तिरपी करतात. पाहुण्यांना वाटतं, उसण भरली. गावाला कळतं, तात्यांना दुसरी काडी सापडली. मग फोनवर असे ओरडतात की, यांना फोन लागतोच कशाला, असा प्रश्न पडावा.

१ ऑक्टोबर २०२२ला देशात फाईव्ह-जी सुरू झालं आणि पारावर तात्यांचा वर्ग भरू लागला.

"आरं, लहर म्हंजी ट्रॅक्टरची ट्रॉली. रस्ता चांगला आसंल तर येका खेपंला आठ गोण्या कांदा भर. खड्डं आसतील तर दोनच. न्हाईतर निम्मा कांदा वाटंत."

गंमत म्हणजे हिशेब बरोबर होता. सिग्नल स्वच्छ असेल तर लहरीच्या एकेका ठोक्याला २५६ खुणांपैकी एक खूण देता येते, म्हणजे आठ बिट माहिती जाते. गोंगाट वाढला की खुणा एकमेकींत मिसळतात. मग चारच खुणा ठेवायच्या, दोन बिटांवर भागवायचं. यालाच मॉड्युलेशन म्हणतात. किती लादायचं हे टॉवर क्षणाक्षणाला ठरवतो.

"मग आपल्यालाच दोन गोण्या का, तात्या?"

"उसामुळं!"

हेही खरं. ७०० मेगाहर्ट्झची लहर लांबवर पोचते. ३३००ची पाण्यानं भरलेल्या पाल्यात पार दमून जाते. त्यामुळे ऊस संपून साखर कारखान्याचा पट्टा पडला की आपलं नेट सुधारतं, असा तात्यांचा सिद्धांत आहे.

नव्या टॉवरवरच्या पुष्कळ छोट्या अँटेनांचं कामही त्यांनी एका वाक्यात उरकलं. "राती पाणी धरताना बिबट्या दिसावा म्हून सगळं रान उजळतो का आपून? बॅटरी नेमकी त्याच्यावर मारायची." त्या अँटेनांच्या लहरी एकाच दिशेला जुळवून घेतल्या की ज्याचा फोन त्यालाच झोत मिळतो, शेजाऱ्याला उपद्रव कमी होतो.

शेजाऱ्याचा उपद्रव हा भाग मात्र तात्या शिकवायचे, पाळायचे नाहीत. एके दिवशी त्यांनी कुठूनसा बूस्टर आणून माडीवर ठोकला. घरात चारही काड्या उभ्या राहिल्या. तात्या खाटेवर पडून व्हिडिओ कॉल करू लागले आणि वाडीतले बाकीचे फोन मधेच तुटू लागले. बूस्टरला सूर आणि कलकलाट यांतला फरक कळत नाही. तो दोन्ही वाढवून टॉवरच्या कानात ओततो. मग लांबच्या फोनचा बारीक आवाज टॉवरला ऐकू येईनासा होतो. तात्या चौकात सांगत होते, "ह्यो शेजारच्या टॉवरचा इंटरफिअरन्स हाय!"

अखेर हातात अँटेना घेतलेली माणसं आली. गल्लीगल्लीतून फिरली आणि तात्यांच्या माडीखाली थांबली. विनापरवाना बूस्टर वापरणं गुन्हा आहे, हे तात्यांना तेव्हा समजलं.

त्यानंतरच्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तात्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला गेले. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी जवळपासच्या बघूनच त्यांचा ऊर भरून आला. एवढ्या तबकड्या म्हणजे रेंज काय असेल! तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, "फोन बंद करा." दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात की खिशातला फोनही तिथे ढोल-ताशा ठरतो. ही दुर्बीण उभारणाऱ्या डॉ. गोविंद स्वरूप यांनी या जागेची निवड केली, त्यात पुणे-मुंबईच्या गोंगाटापासून दूर राहण्याचाही विचार होता. दोन्ही फोन बंद करून तात्या तासभर गप्प होते. सोबत गेलेल्यांनी ती वेळ घड्याळात बघून ठेवली आहे.

परत आल्यावर पारावर पहिलंच वाक्य: "खोडदच्या शास्त्रज्ञांची अडचण व्हाया नको, म्हून म्याच बूस्टर काढला."

कुणी काही बोललं नाही. आता वाडीत सगळ्यांना सारखीच रेंज येते. कमी.