बुडण्याची सोय

स्कुबा डायव्हिंग म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून, पैसे भरून, स्वखुशीने बुडणे. पैसे आधी घेतात. कोकणात बुडण्याचे प्रकार पूर्वीही पुष्कळ होते. गलबते बुडत, आणि बागायतदाराचे दलालाकडचे पैसे अजूनही बुडतात. बुडून पुन्हा वर येण्याची सोय मात्र अलीकडची. तिचे श्रेय नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां या दोन फ्रेंचांना जाते. युद्धकाळातल्या पेट्रोलटंचाईत मोटार गॅसवर चालवण्यासाठी गान्यांने एक झडप केली होती. १९४३ साली दोघांनी तीच पाणबुड्याच्या तोंडाला लावली. श्वास ओढला की लागेल तेवढी हवा मिळते, न ओढल्यास मिळत नाही. जगभरचा हा छंद मुळात असा एका जुगाडावर उभा आहे.

महाराष्ट्रात या विद्येचे पीठ मालवण. येथील कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाच्या बांधकामाला सुरुवात झाली आणि तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. जागा निवडताना भोवतालचे पाण्यात दडलेले खडक जमेस धरले होते. वाट ठाऊक नसलेले जहाज इकडे फिरकू नये, हा हेतू. तेच खडक आज पर्यटकांना बोलावून घेतात, कारण त्यांवर प्रवाळ आहे. १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटरचा हा टापू सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पहिलटकराला येथे दोन-तीन पुरुष खोल पाण्यात उतरवतात, आणि उतरणाऱ्याला ते पाताळ वाटते.

प्रवाळ हे झाड नव्हे आणि दगडही नव्हे, तो प्राणी आहे. मोहरीएवढे किंवा त्याहून मोठे हे जीव चुन्याचे घर बांधतात, मरतात, आणि पुढची पिढी त्याच घरावर मजला चढवते. वडिलोपार्जित वास्तू न सोडण्याचा हा स्वभाव कोकणात समजावून सांगावा लागत नाही. घरात एक भाडेकरूही असतो. हे सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न शिजवते आणि त्यातला मोठा वाटा मालकाला भाडे म्हणून देते. प्रवाळाचा रंगही मुख्यतः या भाडेकरूचाच. पाणी फार तापले की मालकाचे डोके फिरते, तो भाडेकरूला बाहेर काढतो, पांढराफटक पडतो आणि उपासमारीने मरणपंथाला लागतो. पागडीच्या खटल्यांत मालकाचे याहून बरे होते. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसतो. आठवण म्हणून त्याचा तुकडा पिशवीत घालणे हे परवानगीशिवाय वाघनखे आणण्यासारखेच आहे.

जाहिरातीत दिसते तसे निळे, काचेसारखे पाणी मात्र येथे रोज मिळत नाही. कर्ली आणि गड या नद्या पावसाळाभर सह्याद्रीची लाल माती समुद्रात ओततात. ती खाली बसायला दिवाळी उजाडते. त्यानंतरही भरती-ओहोटीच्या मर्जीवर चार-पाच मीटर पलीकडचे दिसले, तर होडीवर दिवस चांगला मानतात.

प्रत्यक्ष बुडीची सुरुवात कागदाने होते. दमा, रक्तदाब, हृदयविकार नाही असे लिहून द्यावे लागते. घरी तिन्हींची रोज तक्रार करणारा माणूस येथे न वाचता सही ठोकतो. मग रबरी पोशाख. तो ओला असतो, थंड असतो आणि आधीच्या माणसाच्या मापाचा असतो. डोळ्यांवरच्या मास्कमध्ये नाकही बंद होते, त्यामुळे खरी अडचण मिशीवाल्यांची होते. रबर आणि ओठ यांच्यामध्ये केस आले की तिथून पाणी झिरपते. झुपकेदार मिशीला व्हॅसलीन चोपडणे हा त्यावरचा मान्य उपाय आहे. "काका, नाकान नाय, तोंडान श्वास घेवा," असे होडीवरचा पोरगा दहा वेळा सांगतो. काका दहाही वेळा मान डोलावतात आणि पाण्यात उतरताच नाकाने श्वास घेतात.

खाली बोलता येत नाही, ही मराठी पर्यटकाची सर्वांत मोठी कसोटी. भाषा सगळी हातांची. अंगठा आणि तर्जनीचे कडे केले म्हणजे ठीक आहे. अंगठा वर केला म्हणजे 'मला वर न्या'. फोटोसाठी उत्साहाने अंगठा दाखवणाऱ्याला तत्काळ वर आणले जाते. भरलेले पैसे परत मिळत नाहीत. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणून उतरताना नाक चिमटीत धरून कानात हवा फुंकावी लागते. श्वास रोखून वर येणे तर जिवावर बेतू शकते, कारण वर येताना छातीतली हवा फुगत जाते. शिवाय पाण्याखाली प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने मोठी दिसते. सुटलेल्या माशाच्या आकाराविषयी खलाशी जे सांगत आले, त्याला निदान एवढा तरी प्रकाशशास्त्राचा आधार आहे.

मालवणच्या प्रवाळाहून मोठे प्रवाळ विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात बुडालेल्या पठारावर आहे. त्याला आंग्रिया बँक म्हणतात. नाव कान्होजी आंग्र्यांचे. बँक असली तरी तिथे खाते उघडत नाहीत. पठाराचा माथाच वीसेक मीटर खोल असल्याने हे काम अनुभवी पाणबुड्यांचे.

फुटक्या जहाजांसाठी गोव्याला जावे लागते. मुरगावजवळच्या ग्रँड आयलंडच्या आसऱ्याला 'सुझीज रेक' पंधरा मीटरच्या आत पडले आहे, आणि मोडक्या लोखंडात माशांनी बिऱ्हाडे थाटली आहेत. पण मौज आहे ती दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने धुंडाळलेल्या जहाजांत. सुंची खडकावर फुटलेले जहाज सतराव्या शतकाच्या आरंभीचे, पोर्तुगीजांचे. त्यावर तोफ, चिनी मातीची भांडी, हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात मिळाले. आफ्रिकेतल्या नदीत आयुष्य काढलेल्या पाणघोड्याचे दात गोव्याच्या समुद्रात चारशे वर्षे पडून राहिले. सेंट जॉर्ज खडकावरचे जहाज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, आणि त्यात निघाली बासेल मिशनची मंगलोरी कौले. कोकण-गोव्यातली निम्मी घरे ज्यांखाली झोपली, तीच. कुणाच्या तरी घराच्या भिंती उभ्या होत्या, वासे चढले होते, मृग तोंडावर आला होता आणि कौले समुद्राच्या तळाशी गेली होती, एवढी कल्पना करायला पुरातत्त्व शिकावे लागत नाही.

सिंधुदुर्गाकडे असे बघण्याजोगे जहाज नव्हते. ती उणीव आता शासनाने भरायला घेतली आहे. 'गुलदार' ही नौदलाची फौजा किनाऱ्यावर उतरवणारी युद्धनौका सुमारे ८४ मीटर लांब, हजार टनांहून जड. १९८५ मध्ये दाखल झालेली ही नौका २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झाली आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हवाली करण्यात आली. निवतीच्या खडकांजवळ ती बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करायची, अशी सुमारे ४७ कोटींची योजना आहे. पूर्वी जहाज बुडायला एक खडक आणि एक झोपाळू तांडेल पुरत असे. आता तेल-रंग खरवडून साफसफाई, पर्यावरणाच्या परवानग्या आणि निविदा लागतात. गुलदार म्हणजे बिबट्या. जुन्नरकडे बिबट्या विहिरीत पडला की वनखाते खाटले सोडून त्याला वर काढते. हा बिबट्या मात्र सरकार स्वतःच्या खर्चाने खाली सोडणार आहे.

हंगाम ऑक्टोबर ते मे. परतीच्या प्रवासाबद्दल एक नियम पर्यटक हमखास विसरतात. खोल किंवा वारंवार बुड्या मारल्या की रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो, आणि उंचावर गेल्यास सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो. म्हणून त्यानंतर किमान १८ तास विमानात बसू नये. आंबोलीचा घाटही सुमारे ७०० मीटर उंच आहे. अशा बुड्या मारलेल्या कोल्हापूर-बेळगावच्या मंडळींनी त्या रात्री मालवणातच मुक्काम करावा.