घोडे नाचले, पंच कोपले

डिसेंबर 2023, समरकंद, बुद्धिबळाची जागतिक ब्लिट्झ (अतिजलद) स्पर्धा. दुबोव आणि नेपोम्नियाची हे दोन कसलेले रशियन ग्रँडमास्टर पटासमोर बसले आणि नुसते घोडे नाचवू लागले. पांढरा इकडे, की काळाही तिकडे, आरशात बघून केल्यासारखं. एकही प्यादं जागचं हललं नाही. थोड्याच चालींत हस्तांदोलन, अर्धा-अर्धा गुण, विषय संपला! पण पंचांनी दोघांच्याही हातावर शून्य ठेवलं. खेळाची शोभा झाली म्हणे.

आता साट्यालोट्याची बरोबरी बुद्धिबळाला काय नवी आहे? बर्लिन बचावातल्या पाठ केलेल्या चाली रीतसर घोकून दाखवायच्या, मध्येच कपाळाला हात लावून गहन विचारात पडायचं आणि अर्धा गुण खिशात घालायचा, ही तर प्रतिष्ठित परंपरा. या दोघांनी कपाळावर आठ्या तेवढ्या आणल्या नाहीत.

पुढच्याच वर्षअखेरीस, न्यूयॉर्कमध्ये, हाच नेपोम्नियाची याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत मॅग्नस कार्लसनसमोर. दोघांचे दोन-दोन विजय, मग ओळीने तीन बरोबऱ्या. कार्लसन म्हणाला, वाटून घेऊ. जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, मान डोलावली. या खेपेला शोभा वगैरे काही झाली नाही. जगज्जेते तेवढे दोन झाले.