सेक्रेटरीसाहेब, आपले आभार कसे मानू?

माननीय सेक्रेटरीसाहेब,
सा. न. वि. वि.

आपल्या सोसायटीतला फ्लॅट पाहायला आम्ही आलो, तेव्हा आपण जातीनं खाली आलात आणि फ्लॅटच्या आधी नोटीस बोर्ड दाखवलात. परक्या माणसाची एवढी काळजी हल्ली कोण करतं?

सभासद करून घेण्यासाठी दोन लाखांची 'ऐच्छिक देणगी', तीही रोख, हे सांगताना आपला आवाज किती हळुवार झाला! ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा शासनानं 2001 सालीच 25,000 रुपये ठरवली आहे आणि देणगी म्हणूनही त्यावर एक रुपया घेता येत नाही. शासनाला जमली नाही ती माया आपण लावलीत.

पुढेमागे फ्लॅट भाड्यानं द्यायचा तर 'फक्त फॅमिली', नोकरी करणाऱ्या एकट्या मुली नकोत, हेही कळलं. सोसायटीच्या चारित्र्याचा भार आपण एकटे वाहता. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटवरचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. आपण मेंटेनन्सइतकेच लावता. भार जड असणार.

पण खरे उपकार लिफ्टच्या दारावर आहेत. 'घरकामाच्या बायका व डिलिव्हरीवाले यांनी लिफ्ट वापरू नये.' लॅमिनेट केलेली पाटी, चारही कोपऱ्यांत स्क्रू. मी ती वाचत होते तेवढ्यात साठीच्या एक मावशी आल्या. सहाव्या मजल्यावरच्या आजींना आंघोळ घालायला निघाल्या होत्या. लिफ्ट समोर रिकामी उभी. त्या जिन्याकडे वळल्या, पदर खोचला आणि गुडघ्यावर हात टेकत चढू लागल्या. आपण प्रेमानं विचारलंत, "काय मावशी, बरं आहे ना?"

साहेब, आता हात जोडून विचारते. त्या आजींच्या अंगाला चालणारा हात लिफ्टच्या बटणाला का चालत नाही? हा नियम कुठल्या उपविधीत आहे? उपविधी सर्वसाधारण सभेत मंजूर होतात, निबंधकांकडे नोंदले जातात. उपविधींची वही दाखवा म्हटल्यावर आपण "बघू नंतर" म्हणालात.

नियमांचं आम्हाला वावडं नाही. ओला-सुका कचरा वेगळा, रात्री दहानंतर शांतता, मेंटेनन्स वेळेवर, सगळं आनंदानं पाळू. इथे फ्लॅट घेतला की सोसायटीही घ्यावी लागते, फ्लॅट तेवढा ठेवून सोसायटी परत करता येत नाही. म्हणून सही करण्याआधीच लिहिते आहे.

फ्लॅट आम्हाला मनापासून आवडला आहे. येत्या सर्वसाधारण सभेत लिफ्टच्या पाटीचा विषय घ्या. ती उतरली की 25,000 चा चेक घेऊन मी स्वतः येईन. पावती तयार ठेवावी. पाटी राहणार असेल तर आम्ही दुसरीकडे घर बघू.

आपली नम्र,
एक होऊ घातलेली सभासद