कार्बोरेटर निर्दोष आहे

जुनी स्पोर्ट्स कार मिसिंग मारू लागली, की मालकाचा पहिला संशय कार्बोरेटरवर जातो. एमजीबीला तर दोन कार्बोरेटर, म्हणजे संशयितही दोन. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनलेली ही गाडी. तिच्या मालकांचा हात स्क्रूड्रायव्हरशिवाय शिवशिवत असतो. सकाळपासून पिळापिळी करून ते दोन्ही कार्बोरेटर बिघडवतात. खरा गुन्हेगार डिस्ट्रिब्यूटरच्या काळ्या कॅपखाली निवांत बसलेला असतो.

कॅपखाली रोटर, त्याखाली पॉइंट, शेजारी कंडेन्सर, एवढाच संसार. पॉइंटमधली फट इंचाच्या हजाराव्या भागात मोजायची, पंधराच्या आसपास. पॉइंट उघडले की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारा व्होल्टांचे हजारो व्होल्ट होतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. त्यातली एखादी ठिणगी हुकली तर बिचाऱ्या कार्बोरेटरला का धरायचं? फट बदलली की टायमिंगही सरकतं. म्हणून आधी फट, मग टायमिंग. घाईच्या माणसाला नेमका उलटा क्रम सुचतो.

टायमिंगला फार सामग्री लागत नाही. पुलीवरची खूण जुळवायची, टेस्ट लॅम्प लावायचा, क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवायचा. दिवा लागला तिथे थांबायचं. हे थांबणंच भल्याभल्यांना जमत नाही.

ही वीजसामग्री लुकासची. त्या कंपनीला गाडीवाले थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. मला यात अन्याय दिसतो. पन्नास वर्षांची वायर, गंजलेलं अर्थिंग, मधल्या मालकांनी मारलेल्या चिकटपट्ट्या, आणि शिव्या मात्र लुकासला!

आपली अ‍ॅम्बॅसिडर बरीच वर्षं एमजीबीच्याच बी-सीरिज कुळातल्या इंजिनावर धावली. म्हणजे मंत्र्यांची पांढरी गाडी आणि छत उघडं टाकून हिंडणारी ही पोर चुलत बहिणी. पॉलिश पेपरने पॉइंट घासून वेळ मारून नेणारे आपले मेकॅनिक अ‍ॅबिंग्डनलाही उपाशी राहिले नसते.

पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट बसवायला माझी हरकत नाही. पण ते बंद पडतं ते बहुधा एकदम. पॉइंट आधी कुरकुरतात. नवे कंडेन्सर आणि रोटरही हल्ली बेभरवशाचे मिळतात. तेव्हा जुना चालत असेल तर नव्याच्या हौसेने बदलू नका. बदललाच, तर जुना डिकीत ठेवा.