बचतीचे साडेतीन मुहूर्त

न्यूझीलंडमध्ये नाताळ भर उन्हाळ्यात येतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ज्या शाळा बंद होतात, त्या फेब्रुवारीच्या तोंडावरच उघडतात. तोवर पोरं घरात, भारतातून आलेले आजी-आजोबा घरात आणि फ्रिजचं दार सताड उघडं. अशा दिवसांत ऑकलंडच्या मराठी माणसाने घरखर्च कसा आटोक्यात ठेवावा, याची काही सोपी तंत्रं आज देत आहे. सगळी आमच्या घरी वापरात आहेत. घर अजून विकावं लागलेलं नाही, यावरूनच त्यांचा गुण ओळखावा.

सुरुवात पेट्रोलपासून. कुठल्या पंपावर काय भाव चालू आहे ते दाखवणारं ‘गॅस्पी’ नावाचं अ‍ॅप आहे. आमचे हे सकाळी उठून करदर्शन करतात तेव्हा करात फोनच असतो. परवा मनुकाऊकडे लिटरमागे सहा सेंट स्वस्त दिसलं. माऊंट रॉस्किलहून जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, वाटेत मोटारवे तुंबलेला. चाळीस लिटर भरलं, दोन डॉलर चाळीस सेंट वाचले. जाण्यायेण्यात सहा डॉलरचं जळलं, असं मी म्हटलं. “ते आधीच टाकीत होतं,” असं उत्तर आलं. घरगुती अर्थशास्त्राचा हा पहिला नियम: होऊन गेलेला खर्च हा खर्च नसतो.

दुसरं तंत्र तुपाचं. या देशात दुभत्या जातीची गुरं माणसांपेक्षा जास्त, तेव्हा लोणी मातीमोल असणार, असा भाबडा समज घेऊन मंडळी विमानातून उतरतात. पण इथलं लोणी जगभर विकलं जातं आणि जगाचा भाव गाईच्या शेजाऱ्यालाही चुकत नाही. २०२५ च्या मध्यावर अर्ध्या किलोची वडी साडेआठ डॉलरच्या घरात गेली. त्यात अन्नधान्यालाही १५ टक्के जीएसटीतून सुटका नाही. म्हणून विकतचं तूप बंद. बिनमिठाचं लोणी आणून घरी कढवायचं. सासूबाई कढवतात. रवाळ तूप होतं, बेरीत साखर घालून पोरं पातेलं चाटूनपुसून लख्ख करतात, मधूनच धुराचा अलार्म कोकलतो. आणि घरचंच तर आहे म्हणून वरणभातावर एकाच्या जागी तीन चमचे पडतात. महिन्याचा डबा आठवड्यात तळ दाखवतो. विकतचं तूप निदान जपून तरी वाढत होतो.

तिसरं तंत्र विजेचं. इथल्या काही योजनांत रात्री नऊ ते बारा वीज फुकट मिळते. नवाच्या ठोक्याला आमच्या घराचा कारखाना होतो. वॉशिंग मशीन घुमतं, ड्रायर गरगरतो, डिशवॉशर सुरू होतो, सासूबाई इडलीचं वाटायला घेतात. सासरे भर उन्हाळ्यात इलेक्ट्रिक ब्लँकेट लावून घाम पुसत बसतात, कारण फुकट आहे. दिवसा कुणी पंखा लावला तर मात्र ते उठून बंद करतात.

बचतीची ही ओढ आपणच इथे आणली असं समजू नका, ती याच मातीतली आहे. उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे सारून उजेड वाचवावा, ही कल्पना १८९५ मध्ये वेलिंग्टनच्या जॉर्ज हडसन नावाच्या गृहस्थांनी मांडली. नोकरी टपाल खात्यात, छंद किडे गोळा करण्याचा. कामावरून सुटल्यावर किडे दिसायला उजेड हवा, एवढीच अडचण. लोकांनी आधी थट्टा केली. १९२७ मध्ये सरकारने घड्याळ हलवलं, दोन नाही तरी एक तास. आपल्या छंदाला बचत म्हणावं, मग कधीतरी अख्खा देश सामील होतो.

चौथं तंत्र फुकट करमणुकीचं. वेलिंग्टनचं ‘ते पापा’ संग्रहालय इथल्या रहिवाशांना फुकट आहे. या फुकट प्रवेशासाठी आम्ही साडेसहाशे किलोमीटर गाडी हाकली. मोटेलचे पैसे प्रवासखाती पडतात, करमणुकीत धरायचे नाहीत. दारात समजलं की परदेशी पाहुण्यांना २०२४ पासून माणशी ३५ डॉलर पडतात. सासऱ्यांनी पस्तीसला पन्नासने गुणलं, मग दोनाने गुणलं आणि बंदरावरच्या बाकावर जाऊन बसले. आत महाकाय स्क्विड ठेवलेला आहे. वजन ४९५ किलो, समुद्रातून निघाला २००७ मध्ये. मुलीने बाहेर येऊन फोटो दाखवला. सासरे मालवणचे. “अर्ध्या टनाचं माकूल, आणि नुसतं बघायला ठेवलंय?” एवढंच म्हणाले. उधळपट्टी याला म्हणतात, असा अर्थ आम्ही घेतला.

आता खरा रामबाण. आपल्याकडे खरेदीचे साडेतीन मुहूर्त: पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा बलिप्रतिपदेचा. न्यूझीलंडच्या कायद्यानेही साडेतीनच दिवस नेमले आहेत, पण दुकानं बंद ठेवायचे: गुड फ्रायडे, ईस्टरचा रविवार, नाताळ आणि अर्धा अँझॅक डेचा, दुपारी एकपर्यंत. डेअरी नावाची कोपऱ्यावरची छोटी दुकानं, पेट्रोलपंप, खानावळी अशी काही ठिकाणं यातून सुटतात. यंदा नाताळच्या दिवशी आमच्या घरातून एक सेंटही बाहेर गेला नाही. वर्षातली ही एकमेव खरी बचत, आणि दुपारी दोनपर्यंत सगळं घर वैतागून गेलं. कुठे सूट नाही, कूपन नाही, भावांची तुलना नाही. ह्यांनी फोन तीनदा उघडून मिटला. सासऱ्यांनी मागच्या महिन्याच्या पावत्या पुन्हा तपासल्या. बचत करायला दुकान उघडं लागतं, हे त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेला, सगळी भरपाई झाली. स्वस्तात मिळालेला मटार, कोंबडी आणि पाव मावेना म्हणून गॅरेजमध्ये ठेवायला दुसरा फ्रीझर घेतला, चाळीस टक्के सवलतीत. दमून कॅफेत टेकलो तर बिलावर १५ टक्के जादा, कारण सुट्टीच्या दिवशी नोकरांना दीडपट पगार द्यावा लागतो. ह्यांनी कॉफी परत पाठवायचा विचार केला, पण ती आधीच पोटात होती. म्हणजे पहिल्या नियमाप्रमाणे तो खर्च नव्हेच.

फ्रीझर चोवीस तास चालतो आणि वीज फुकट तीनच तास. यावर सासऱ्यांचा अभ्यास चालू आहे.

शेवटची सूचना शाळा उघडण्याची. ब्लेझरची किंमत ऐकून हबकू नका, वाढत्या अंगाचा घ्या. बाह्या बोटांपलीकडे लोंबल्या की पोरगं तो अंगाला लावणार नाही. नीट बसायला लागेल तेव्हा शाळा संपलेली असेल. कोऱ्या करकरीत ब्लेझरला जुन्या गणवेशांच्या विक्रीत अर्धी किंमत सहज येते, आणि तो घ्यायला आपल्यासारखंच एक काटकसरी कुटुंब तीसेक किलोमीटर गाडी हाकत येतं.