सर्व्हरधारी गृहस्थ

हिंजवडी, वाकड, बाणेर, खराडी अशा पुण्याच्या नव्या उपनगरांतील टू बीएचके सदनिकांत अलीकडे गृहस्थाचा एक स्वतंत्र पोटप्रकार स्थिरावला असून, आपल्या घरी ‘होमलॅब’ आहे असे तो पाहुण्यांना सांगतो तेव्हा वडीलधाऱ्यांची अशी समजूत होते की तेथे सकाळी उपाशीपोटी गेल्यास साखर तपासून मिळेल. प्रत्यक्षात होमलॅब म्हणजे चपलांच्या कपाटात, माळ्यावर किंवा देवघरामागच्या कोनाड्यात चोवीस तास चालू ठेवलेला एक संगणक होय, आणि त्या एका संगणकाचे अनेक संगणक करणे हे या गृहस्थाचे नोकरी सांभाळून चाललेले जीवितकार्य होय.

ही करामत ज्या आज्ञावलीमुळे साधते तिला हायपरव्हायझर म्हणतात. पेठेतल्या वाड्याचा मालक जसा एकाच वाड्यात दहा बिऱ्हाडे वसवतो, तशी ही आज्ञावली एका यंत्राचा प्रोसेसर, रॅम आणि डिस्क वाटून देऊन त्यावर अनेक आभासी संगणक नांदवते. फरक इतकाच, की येथे प्रत्येक बिऱ्हाडकरूला सबंध वाडा आपलाच वाटत असतो आणि रॅम अपुरी पडेपर्यंत नळावरून भांडणे होत नाहीत. कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या संशोधकांनी ती प्रत्यक्षात आणली आणि १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ या नावाने ती ग्राहकांपुढे आली. त्या काळी यंत्र एक आणि त्यावर काम करू पाहणारे अनेक असत, म्हणून वाटणी करणे भाग होते; या गृहस्थाकडे यंत्रे दोन आणि काम करणारा एकटा तोच असतो, तरीही वाटणी चुकत नाही.

यंत्र बहुधा एखाद्या कंपनीने मोडीत काढलेले, म्हणजे जुने ऑप्टिप्लेक्स किंवा थिंकसेंटर जातीचे असते आणि ते ‘शिकण्यासाठी’ घेतलेले असते. १६ जीबी रॅम आयुष्यभर पुरेल असे घरी सांगितले जाते आणि पुढच्या पगाराला ती ६४ जीबी होते. आभासी संगणकांसाठी लागणारी खास सोय इंटेलच्या प्रोसेसरांत २००५ पासून येऊ लागली असली, तरी अनेक यंत्रांच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना प्रथम जागी होणाऱ्या मूलभूत आज्ञावलीत, ती बंद करून ठेवलेली असते. तो एक पर्याय चालू करायचा राहिल्यामुळे पहिला शनिवार वाया जातो.

हायपरव्हायझरच्या निवडीबाबत या वर्गात पंथभेद आहेत. पूर्वी व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयची फुकट आवृत्ती वापरणारा मोठा संप्रदाय होता; परंतु ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी ताब्यात घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकट आवृत्ती बंद झाली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा मिळू लागली तोवर आपला गृहस्थ प्रॉक्समॉक्सची दीक्षा घेऊन मोकळा झाला होता. व्हिएन्नातील एका कंपनीने २००८ पासून चालवलेली ही मुक्तस्रोत प्रणाली डेबियन लिनक्सवर उभी असून तिचा सारा कारभार ब्राउझरमधून पाहता येतो, त्यामुळे मुलीच्या शाळेतील पालकसभेतही तो फोनवरून निरखत असतो.

आता या आभासी संगणकांवर चालते काय, असा प्रश्न घरातील व्यवहारी माणसे विचारतात. एकावर जाहिराती अडवणारे पाय-होल असते, एकावर चित्रपट दाखवणारे जेलीफिन, एकावर पासवर्डांची तिजोरी. उरलेले मात्र याच तिघांच्या सेवेत असतात: एक त्यांचा बॅकअप घेतो, दुसरा त्यांच्या प्रकृतीचे आलेख काढतो आणि तिसरा, आलेख काढणारा जिवंत आहे की नाही, हे दर मिनिटाला तपासतो. सरकारी खात्यांचा अभ्यास केलेल्यांना ही रचना अपरिचित वाटणार नाही.

या छंदाचे मूळ कचेरीत सापडते. तेथे एक सर्व्हर पुन्हा सुरू करायचा तर त्याला ‘चेंज रिक्वेस्ट’ म्हणजे बदलाचा रीतसर अर्ज भरावा लागतो आणि तीन वरिष्ठांची संमती येईपर्यंत थांबावे लागते. घरी मात्र तो ‘रूट’, अर्थात सर्वाधिकारी असतो, अर्जदारही तोच आणि मंजुरी देणाराही तोच. गंमत अशी की हाती सत्ता येताच ज्या नियमांना तो दिवसभर शिव्या देतो तेच तो कुटुंबाला लावतो. रात्री साडेआठला मालिका अडकली म्हणून आईने, “अरे, नेट गेलं का?” असे विचारले, तर “नेट आहे गं आई, मेंटेनन्स चाललाय, ग्रुपवर टाकलं होतं की!” असे उत्तर मिळते.

खरा प्रकार असा असतो की संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी डीएनएस ही सेवा त्याने पाय-होलकडे सोपवलेली असते आणि पाय-होल ज्या यंत्रावर नांदते त्याचेच अद्ययावतीकरण फसलेले असते. दुरुस्तीची माहिती इंटरनेटवर, इंटरनेट डीएनएसवर, डीएनएस बिघडलेल्या यंत्रावर आणि यंत्राचा पासवर्ड त्याच यंत्रातल्या तिजोरीत, असे हे चक्र आईच्या फोनचा हॉटस्पॉट मागून घेतल्यावरच सैल होते.

विजेचा विषय तो स्वतःहून काढत नाही. २०० वॉट खाणारा जुना रॅक सर्व्हर अखंड चालला तर महिन्याला १४४ युनिटे होतात, आणि महावितरणच्या दरपत्रकात १०० व ३०० युनिटांनंतर दराच्या पायऱ्या चढतात हे पत्नीला पाठ असते. यावर तो वीज मोजणारा स्मार्ट प्लग आणतो आणि त्याच्या नोंदी ठेवण्यासाठी आणखी एक आभासी संगणक नेमतो.

एका यंत्राचा भरवसा नाही म्हणून दुसरे येते आणि दोघांचा क्लस्टर, म्हणजे एकत्रित कारभार, सुरू होतो. तेथे निर्णय बहुमताने होतात: दोघांपैकी एक बंद पडल्यास उरलेल्याकडे दोनपैकी एकच मत राहते, कोरम भरत नाही आणि ते धडधाकट यंत्र एकही नवा आभासी संगणक सुरू करू देत नाही. म्हणून तिसरे मत लागते. तिसऱ्या यंत्राला घरातून विरोध झालाच, तर रास्पबेरी पाय या तळहातावर मावणाऱ्या संगणकाला केवळ मतापुरते सभासद करून घेण्याची सोय आहे, आणि पत्नी, आई व शाळकरी मुलगी यांपैकी कोणालाही या कारभारात आजवर न मिळालेला मताधिकार त्या चिमुकल्या यंत्राला रविवारी दुपारी जेवणे उरकण्याच्या आत बहाल केला जातो.